बालव्यक्तिचित्रण, छायाचित्राधारित

बालव्यक्तिचित्रण, छायाचित्राधारित : छायाचित्राचा आधार घेऊन, मागणीनुसार व मोबदला घेऊन लहान मुलांची व्यक्तिचित्रे रंगविण्याची कला. व्यक्तिचित्रणात सामान्यतः व्यक्तीला समोर बसवून तिचे निरीक्षण करीत चित्र रंगवितात. लहान मूल मात्र एका जागी काही मिनिटेही स्थिर बसत नाही. शिवाय चित्राची मागणी पुष्कळदा मूल मोठे झाल्यावर, दूरगावी गेल्यावर किंवा दगावल्यावर केली जाते. त्यामुळे व्यक्तिचित्रणाच्या या शाखेत छायाचित्राचा आधार जवळजवळ अपरिहार्य ठरला आहे. छायाचित्र चित्रकाराला एका क्षणाची मोजमापे देते; मुलाची चण, कांती आणि स्वभाव यांची उकल ते करीत नाही. ही उणीव चित्रकाराने आपल्या निरीक्षणाने व शरीररचनेच्या ज्ञानाने भरून काढावयाची असते. तसे न झाल्यास मोजमापे बिनचूक असूनही चित्रातील मूल बाहुलीसारखे किंवा लहान आकाराच्या प्रौढासारखे दिसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : छायाचित्रणापूर्वी मुलांची व्यक्तिचित्रे प्रायः राजघराण्यांपुरती व धनिकांपुरती मर्यादित होती. डग्युरोटाइप या छायाचित्रण पद्धतीची घोषणा १८३९ मध्ये पॅरिस येथे झाली आणि लवकरच ती भारतात पोहोचली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे मुंबईच्या आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक होत. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी १८९६ मध्ये मुंबईत चित्रशाळा उघडली. आरंभीच्या काळात प्रकाशनाला बराच वेळ लागत असल्यामुळे मूल हलले, की प्रतिमा पुसट होई. म्हणून त्याला आईच्या मांडीवर धरून ठेवीत आणि आईवर कापड टाकून तिला झाकीत. युरोपातील अशी अनेक छायाचित्रे आज उपलब्ध आहेत.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या संस्थेत (स्था. १८५७) यथार्थदर्शी रेखन व तैलरंगचित्रण यांचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. त्यातून महाराष्ट्रात व्यक्तिचित्रणाची भक्कम परंपरा उभी राहिली. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४), आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५), एम्. एफ्. पिठावाला (१८७२–१९३७), सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) आणि गोपाळ देऊसकर (१९११–९४) ही या परंपरेतील ठळक नावे होत. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी बडोदे व अन्य संस्थानांसाठी व्यक्तिचित्रे रंगविली आणि त्यांकरिता छायाचित्रांचाही उपयोग केला. आपली कन्या व नातू यांना घेऊन त्यांनी १८९३ मध्ये रंगविलेले ‘देअर कम्स पापा’ हे चित्र आधुनिक भारतीय कलेतील बालचित्रणाचा प्रसिद्ध नमुना आहे. कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) या मेस्त्री घराण्यातील बंधूंनी कलाशाळेत न जाता हे कौशल्य कमावले. ‘पेंटर’ हे त्यांच्या व्यवसायाचे नावच पुढे त्यांचे आडनाव म्हणून रूढ झाले (⟶ व्यक्तिचित्रण).

सोलापूर परिसर : मोठ्या शहरांतील कलाशाळांपासून दूर असलेल्या गावांत छायाचित्रावरून चित्र रंगविण्याचे काम प्रामुख्याने छायाचित्रशाळा, पाट्या रंगविणारे पेंटर आणि शाळांतील चित्रकला शिक्षक यांच्याकडे आले. सोलापूर हे अशा गावांचे चांगले उदाहरण होय. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. गिरण्या व हातमाग यांच्या आश्रयाने मराठी, तेलुगू व कन्नड भाषिकांची मिश्र वस्ती वाढली आणि चित्रपटगृहेही निघाली. चित्रपटांचे भव्य फलक रंगविणारे कारागीर लहानशा स्थिरचित्रावर चौकटी आखून तीच आकृती अनेक पटींनी मोठी करीत. घरगुती व्यक्तिचित्रासाठीही हीच पद्धती उपयोगी पडे. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे जन्मलेले म. फि. हुसेन (१९१५–२०११) यांनीही तरुणपणी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून उपजीविका केली. फलकांची संगणकीय छपाई रूढ झाल्यावर हा व्यवसाय ओसरला.

चौकटींचे हे तत्त्व सोलापूरच्या विणकरांनाही परिचित आहे. येथील जॅकार्ड मागांवर चादरींखेरीज भिंतीवर लावावयाची चित्रवस्त्रेही विणली जातात आणि त्यांत थोर व्यक्तींच्या प्रतिमा असतात. त्यासाठी छायाचित्र बारीक चौकटींच्या कागदावर उतरवून घेत व प्रत्येक चौकटीतील छटेप्रमाणे पत्र्यांना छिद्रे पाडीत. आता हे काम बव्हंशी संगणकावर होते. फ्रान्समधील लीआँ येथे १८३९ मध्ये विणलेल्या जॅकार्ड यांच्या रेशमी प्रतिमेसाठी सु. २४,००० पत्रे लागले होते. चौकटींच्या साहाय्याने सादृश्य कोठवर साधता येते, हे अशा प्रतिमांवरून कळते. त्यापुढचे काम मात्र मोजमापाने होत नाही.

मागणीचे प्रसंग : महाराष्ट्रात मुलांच्या चित्रांची मागणी ठराविक प्रसंगांशी निगडित असते. बारसे, जावळ, पहिला वाढदिवस, मुंज आणि विशेषतः पहिल्या संक्रांतीचे बोरन्हाण या प्रसंगी काढलेली छायाचित्रे चित्रकाराकडे येतात. सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरत असल्याने या सणाचे महत्त्व अधिकच आहे. बोरन्हाणाच्या छायाचित्रात मुलाला काळे झबले व हलव्याचे पांढरे दागिने घातलेले असतात. कमाल काळा व कमाल पांढरा रंग शेजारी आल्यामुळे मधल्या छटेच्या चेहऱ्याकडे नजर जात नाही. म्हणून जाणकार चित्रकार काळ्यात निळसर वा तपकिरी अंश मिसळतो, हलव्याचे दाणे छायेत करडे ठेवतो आणि निर्भेळ पांढरा रंग मोजक्या दाण्यांपुरताच राखतो. कुंची, बिंदल्या, मनगट्या, वाळे इ. बारकाव्यांना घरच्या माणसांच्या दृष्टीने महत्त्व असते. ही लेणी पुष्कळदा पिढीजात असल्यामुळे त्यांची घडण प्रत्यक्ष पाहून रंगविणे इष्ट ठरते.

दिवंगत मुलाच्या चित्राची मागणी हा या कलेचा सर्वांत नाजूक भाग होय. बालमृत्यूंचे प्रमाण मोठे असलेल्या काळात अनेक कुटुंबांत मुलाचे जिवंतपणीचे एकही छायाचित्र नसे. एकमेव छायाचित्र मृत्यूनंतर घाईने काढलेले असे आणि त्यावरून मूल जागे असल्यासारखे रंगवावे, अशी विनंती केली जाई. मिटलेले डोळे उघडून दाखविणे म्हणजे छायाचित्रात नसलेली गोष्ट निर्माण करणे होय. अशा वेळी भावंडांचे डोळे, आईवडिलांची त्याच वयातील छायाचित्रे आणि घरच्यांनी सांगितलेल्या खुणा यांचा आधार घ्यावा लागतो. मृत्यूनंतर ओठ, गाल व पापण्या यांतील ताण नाहीसा होत असल्याने केवळ डोळे उघडून भागत नाही. संपूर्ण चेहऱ्याची पुनर्रचना करावी लागते. काही पालक दिवंगत मूल आज असते तर कसे दिसले असते, ते रंगविण्यास सांगतात. अन्य काही कुटुंबांना नातवाचे चित्र त्याच्या जन्मापूर्वी वारलेल्या आजोबांच्या मांडीवर हवे असते. अशी चित्रे सांत्वन करू शकतात. मात्र ती व्यक्तीची नोंद नसून कल्पना आहेत, हे चित्रकाराने आरंभीच स्पष्ट करणे उचित होय. मराठी घरांत भिंतीवरील प्रतिमेला घातलेला हार ती व्यक्ती हयात नसल्याचे सुचवितो. त्यामुळे हयात मुलाच्या चित्राची चौकट व मांडणी करतानाही हा संकेत लक्षात ठेवला जातो.

बालशरीराची प्रमाणे : बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. नवजात अर्भकाची एकूण उंची त्याच्या डोक्याच्या सु. चौपट असते. दोन वर्षांच्या सुमारास हे प्रमाण पाचपट, सहाव्या वर्षाच्या सुमारास सहापट व प्रौढात सु. साडेसातपट होते. जन्मतः चेहऱ्याचा भाग कवटीच्या सु. एक-अष्टमांश असतो, प्रौढात तो सु. निम्मा होतो. प्रौढाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, तर अर्भकाचे त्याहून बरेच खाली असतात. ही रेषा किंचित वर सरकली, तरी चित्रातील मूल एकदोन वर्षांनी मोठे दिसते. नवशिक्यांच्या कामात हा दोष सर्वाधिक आढळतो, कारण कपाळाचा रिकामा वाटणारा भाग नकळत कमी केला जातो.

डोळ्याच्या पारदर्शक पटलाचा व्यास जन्मतःच सु. १० मिमी. असतो आणि साधारण दुसऱ्या वर्षापर्यंत तो प्रौढाच्या मापाजवळ (सु. १२ मिमी.) पोहोचतो. लहान चेहऱ्यात बुबुळे मोठी व टपोरी दिसतात, ती यामुळेच. चित्रकाराने ती मुद्दाम मोठी करण्याचे कारण नसते. नाकाचा पूल बसका, नाकपुड्या आखूड, हनुवटी मागे सरलेली, गाल मेदयुक्त आणि मान आखूड असते. भुवया व केसांची कड विरळ असते. ती ठळक रेषेने रेखाटल्यास चेहरा कठोर होतो. साधारण सहाव्या वर्षापासून दुधाचे दात पडू लागतात व मुखाचा आकार तात्पुरता बदलतो. पडलेल्या दाताची फट झाकावी की दाखवावी, हे पालकांना विचारून ठरविणे श्रेयस्कर. कित्येक कुटुंबांना ती फटच मोलाची वाटते.

बदलाचा वेगही ध्यानात घ्यावा लागतो. डोक्याचा घेर जन्मतः सु. ३४ सेंमी. असतो व वर्षअखेर सु. ४५ सेंमी. होतो, पुढे प्रौढवयापर्यंत त्यात जवळजवळ तेवढीच वाढ होते. म्हणून तान्ह्या मुलाची चार महिन्यांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे एकाच चित्रासाठी एकत्र करणे धोक्याचे असते. एकातील चेहरा व दुसऱ्यातील देह जोडल्यास होणारी विसंगती सामान्य प्रेक्षकालाही जाणवते, जरी तिचे कारण त्याला सांगता येत नसले तरी.

छायाचित्राचे वाचन : रेखनास आरंभ करण्यापूर्वी छायाचित्रातील दोष ओळखणे ही या कलेतील पहिली पायरी होय. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असल्यास नाक व कपाळ फुगलेले, तर कान मागे गेलेले दिसतात. भ्रमणध्वनीने जवळून घेतलेल्या छायाचित्रांत हा दोष नेहमी आढळतो. सु. दीड ते दोन मी. अंतरावरून घेतलेल्या छायाचित्रात प्रमाणे अधिक स्वाभाविक राहतात. उभ्या प्रौढाने खाली पाहून टिपलेल्या छायाचित्रात डोके मोठे व पाय आखूड होतात. यास्तव कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा. समोरून पडणारा झोतदिव्याचा प्रकाश गालांची गोलाई नाहीशी करतो. खिडकीतून एका बाजूने येणारा मंद प्रकाश सर्वांत उपयुक्त असतो.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांचे वाचन अधिक कठीण असते. आरंभीच्या पट्टिका केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या. नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक पट्टिकाही तांबड्या रंगाला प्रतिसाद देत नसत. सर्व रंगांना संवेदनशील अशा पट्टिका १९०६ पासून बाजारात आल्या, तरी जुन्या प्रकारांचा वापर पुढे बराच काळ चालू राहिला. परिणामी जुन्या छायाचित्रात तांबडे झबले काळे व निळे झबले पांढुरके दिसते, ओठ गडद होतात आणि कांती प्रत्यक्षाहून सावळी वाटते. कपाळावरील कुंकू व काजळाची तीट दोन्ही सारखीच काळी उमटतात. गालावर लावलेली तीट तीळ समजून चित्रात कायमची रंगविली जाण्याची चूकही घडते. म्हणून अशा प्रत्येक खुणेविषयी घरच्यांकडे चौकशी करणे आवश्यक ठरते. रंगीत छायाचित्रेही सर्वस्वी विश्वसनीय नसतात. सु. १९७०–८० च्या दशकांतील अनेक मुद्रितांतील निळसर-हिरवे रंजक द्रव्य उडाल्याने ती तांबूस झाली आहेत आणि त्यांवरून घेतलेली कांतीची छटा फसवी ठरते. डग्युरोटाइप किंवा आरशाप्रमाणे उलट नोंदलेली आधुनिक छायाचित्रे असल्यास भांग, तीळ व अंगरख्याची कड यांची बाजू तपासावी लागते (⟶ छायाचित्रण).

तंत्र : मूळ छायाचित्राला धक्का न लावता त्याची मोठी प्रत करून घेतात आणि तीवर चौकटी आखतात. तेवढ्याच संख्येच्या मोठ्या चौकटी कॅनव्हासवर आखून कोळशाने बाह्यरेषा उतरवितात. प्रक्षेपकाने प्रतिमा कॅनव्हासवर पाडून तिच्या रेषा गिरविण्याची पद्धतही प्रचलित आहे. ती जलद असली, तरी भिंगाचे सर्व दोष तिच्याद्वारे चित्रात जसेच्या तसे उतरतात. यास्तव रेषा उतरविल्यावर वयानुसार प्रमाणे ताडून पाहणे आवश्यक असते. या टप्प्यावर रेखन कुटुंबीयांस दाखविण्याची प्रथा उपयुक्त आहे. एक भुवई किंचित उंच असणे, हसताना एकाच गालावर खळी पडणे यांसारख्या खुणा आई चटकन सांगते आणि रंग चढण्यापूर्वी दुरुस्ती सोपी असते. मूल हयात असल्यास अर्धा तास त्याच्या सहवासात घालवून कांती व हालचाल यांची लहान रंगटिपणे करणे, हा छायाचित्राच्या मर्यादांवरील सर्वोत्तम उपाय होय.

रंगलेपन पातळ थरांपासून सुरू करून तेलाचे प्रमाण क्रमशः वाढवितात, म्हणजे पृष्ठभागाला भेगा पडत नाहीत. भारतीय मुलांच्या कांतीसाठी पांढरा, पिवळी माती, फिकट तांबडा व भाजकी सिएना हे रंग पायाभूत असतात. छायेत अल्प प्रमाणात हिरवी माती किंवा निळा मिसळून थंडावा आणतात. काळा रंग मिसळून छाया केल्यास कांती मळकट दिसते. सावळ्या मुलाला उजळ रंगविण्याचा आग्रह काही पालक धरतात. पण कांतीची छटा हा सादृश्याचाच भाग असल्याने तसे केल्यास चित्र दुसऱ्याच मुलाचे होते. मुलांच्या त्वचेखालील रक्ताभिसरण कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा व बोटांची टोके येथे तांबूस छटेने जाणवते. छायाचित्रात हे बहुधा उमटत नाही. झोतदिव्यामुळे बुबुळावर पडलेला मध्यवर्ती ठिपका काढून प्रकाशाच्या दिशेस अनुरूप असा एकच तेजबिंदू ठेवतात. दात सुटे न रेखाटता एका मंद छटेत सुचवितात. गाल, केस व मान यांच्या कडा मऊ ठेवतात आणि तीक्ष्ण कड डोळ्यांपुरती राखतात (⟶ तैलरंगचित्रण).

याहून स्वस्त असा एक प्रकार पूर्वी छायाचित्रशाळांत लोकप्रिय होता. त्यात कृष्णधवल मोठ्या प्रतीवर कापसाच्या बोळ्याने पारदर्शक रंग चढवीत. अशा प्रतिमांत सादृश्य छायाचित्राचे व रंग कारागिराच्या कल्पनेचे असत. अलीकडे संगणकीय साधनांनी पुसट छायाचित्रे मोठी व स्पष्ट करता येतात. परंतु ही साधने मूळ चित्रात नसलेल्या पापण्या, दात व त्वचेचा पोत अंदाजाने भरतात. एकमेव छायाचित्र असलेल्या मुलाच्या बाबतीत अशी प्रत मूळ पुरावा म्हणून वापरणे गैर ठरते. चित्रकाराने ती मूळ छायाचित्राशेजारी ठेवून पडताळावी.

हक्क व जतन : भारतातील प्रताधिकार अधिनियम, १९५७ याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा, तसेच रंगविलेल्या व्यक्तिचित्राचा प्रताधिकार, अन्यथा करार नसल्यास, सांगणाऱ्या व्यक्तीकडे प्रथमतः असतो. याचा अर्थ असा की, दुसऱ्याने स्वतःसाठी काढलेल्या छायाचित्रावरून चित्र करावयाचे असल्यास त्याची अनुमती घेणे योग्य होय. आपले चित्र प्रदर्शनात किंवा जाहिरातीत लावण्यास लहान मूल स्वतः संमती देऊ शकत नाही. त्यामुळे पालकांची लेखी संमती घेऊनही मुलाचे नाव व पत्ता प्रसिद्ध न करण्याचा संकेत पाळणे इष्ट असते.

सोलापुरात उन्हाळ्यात तपमान ४०° से. च्या वर जाते. अशा उष्ण हवेत चित्र थेट उन्हात किंवा स्वयंपाकघराच्या धुराजवळ लावल्यास रंगथर व कॅनव्हास दोन्हींची हानी होते. व्हार्निशचा अंतिम लेप चित्र पूर्ण वाळल्यावर, म्हणजे सामान्यतः सहा ते बारा महिन्यांनी देतात. जतनाच्या दृष्टीने मूळ छायाचित्राचे महत्त्व चित्र पूर्ण झाल्यावरही कमी होत नाही. त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने मुलाचे नाव, वय व दिनांक लिहून ते अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावे. चित्राच्या मागील बाजूसही ते कोणत्या छायाचित्रावरून व केव्हा रंगविले, त्यात काय बदलले आणि काय कल्पनेने भरले, याची नोंद चित्रकाराने करावी. मुलाला ओळखणारी माणसे नाहीशी झाल्यावर त्याचे खरे रूप कोणते व चित्रकाराची भर कोणती, हे पुढील पिढ्यांना या नोंदीवरूनच कळू शकते.